वतनाची जमीन आणि घरातील लेक

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत काहीतरी उपयुक्त लिहावे, अशी कार्यकारी मंडळाची सूचना आली, तेव्हा विषयासाठी मला दूर जावे लागले नाही. मी पेशाने शिक्षक, इतिहास शिकवितो. वर्गात गावगाड्याचा विषय निघाला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, वतन म्हणजे नक्की काय? आमच्या घरी म्हणतात, आमची जमीन वतनाची आहे. ती बाहेर जात नाही." मी उलट विचारतो, "बाहेर म्हणजे कोणाकडे?" मुले सांगतात, "सावकाराकडे", "परक्याकडे". एका वर्षी मागच्या बाकावरील एका मुलीने उत्तर दिले, "आत्याकडे." वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. कारण तिचे उत्तर इतिहासाच्या दृष्टीने बरोबर होते, आणि माझ्या स्वतःच्या घरातही तेच घडले होते.

बेळगाव भागातील पुष्कळ घराण्यांच्या कपाटात आजही वतनाचे जुने कागद आहेत. ते कागद काय सांगतात, आणि त्यांतील कोणत्या गोष्टी आज संपलेल्या आहेत, याचा साधा पाठ येथे मांडावयाचा आहे.

शब्दाचा अर्थ

'वतन' हा शब्द मूळ अरबी. त्या भाषेत त्याचा अर्थ राहते ठिकाण, मायभूमी. दख्खनेत तो आला आणि त्याचा अर्थ पालटला. वंशपरंपरेने चालणारा अधिकार, त्या अधिकाराचे काम, त्या कामाबद्दल मिळालेली जमीन आणि त्याबरोबर येणारे हक्क व मानपान, या सगळ्याला मिळून मराठीत वतन म्हणू लागले. 'मिरास', 'इनाम', 'वारस', 'हक्क' हेही शब्द अरबीतूनच आले आणि गावोगावच्या शेतकऱ्याच्या तोंडी घरचे होऊन बसले. पाटील व कुळकर्णी गावाचे, देशमुख व देशपांडे परगण्याचे. आपल्या कानडी मुलखात देसाई, नाडगौडा, शानभोग ही नावे आढळतात. पाटीलकी एकाच धर्माच्या घरात होती असेही नाही. माझे घराणे मुसलमान पाटलांचे आहे, आणि अशी घराणी बेळगाव-कोल्हापूरकडे थोडीथोडकी नाहीत.

एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. वतनाची जमीन ही पगाराच्या जागी दिलेली जमीन होती. तिच्यावर पूर्ण सारा न घेता बहुधा 'जुडी' नावाची हलकी पट्टी घेत. काम वंशाकडे, म्हणून जमीनही वंशाकडे, असा हिशेब होता.

पूर्वीची रीत

वतन पूर्वीपासून कोणाला विकताच येत नसे, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. मराठेशाहीत निम्मी पाटीलकी विकल्याची, कर्जापायी वतनाचा भाग दिल्याची उदाहरणे जुन्या कागदांत आहेत. मात्र असा व्यवहार गुपचूप होत नसे. गोतसभा बसे, महजर लिहिला जाई, त्यावर गावच्या वतनदारांच्या निशाण्या पडत. पाटलाची निशाणी नांगराची. वंशाबाहेर वतन जाऊ शके, पण गावाच्या डोळ्यांदेखत आणि गावाच्या संमतीने.

वतनाचे वेड किती जबरदस्त होते हे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या 'आज्ञापत्रा'त दिसते. वृत्ती व वतने या विषयाला त्यात स्वतंत्र स्थान दिलेले असून नवी वतने देताना राजाने किती सावध असावे, हे सांगितले आहे. ज्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क दिला त्याच्याकडून तो परत घेणे राजालाही अवघड जाते, हा त्यातील व्यवहारी विचार आहे.

इंग्रजी कायद्याने घातलेली गाठ

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि हा मुलूख मुंबई इलाख्यात आला. इंग्रज सरकारला गावचा वसूल हवा होता आणि तो गोळा करण्यास पाटील-कुळकर्णी हवे होते. त्यांची जमीन सावकाराकडे गेली तर उद्या काम कोण करणार? या चिंतेतून १८२७ च्या सोळाव्या रेग्युलेशनपासून वतनी जमिनीच्या विक्रीवर बंधन आले. पुढे १८७४ साली मुंबईचा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा झाला. लोक त्याला 'वतन कायदा' म्हणत.

या कायद्याचे पाचवे कलम सगळ्या प्रकरणाचे मर्म आहे. सरकारच्या मंजुरीवाचून वतनदाराने आपल्या हयातीपलीकडे वतनाचा कोणताही भाग, त्याच वतनाचा वतनदार नसलेल्या माणसाला विकू नये, गहाण टाकू नये, पट्ट्याने देऊ नये, असा त्याचा भावार्थ. भाऊबंदाला देता येईल, शेजाऱ्याला नाही. पूर्वी गोताच्या संमतीने जे सुटू शके त्याला आता सरकारी गाठ बसली.

वतनदार घराण्याच्या शाखा पडत. प्रत्येक शाखेच्या वाट्याला 'तक्षीम' म्हणत. कोणत्या तक्षीमदाराने केव्हा काम करावयाचे, याची सरकारी नोंद असे. वडिलांच्या मागे मुलगा, मुलगा नसल्यास दत्तक, तोही नसल्यास भाऊबंद, असा क्रम चाले.

मग १८८६ साली पाचव्या क्रमांकाचा एक छोटा कायदा झाला. कायदा छोटा, पण त्याने घराघरात मोठा फरक पाडला. वतनदार घराण्यातील प्रत्येक स्त्री, शेवटच्या पुरुष मालकाची विधवा सोडून, आणि स्त्रीच्या द्वारे हक्क सांगणारा प्रत्येक माणूस, हे वारशाच्या क्रमात घराण्यातील पात्र पुरुषांच्या मागे राहतील, असे त्याने ठरविले.

याचा परिणाम एका उदाहरणाने पाहू. एखादा पाटील वारला. त्याला मुलगा नाही. पत्नी आहे आणि एक मुलगी आहे. पत्नीच्या मागे बापाची वतनी जमीन कोणाला जावी? मुंबई इलाख्यात चालणाऱ्या हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे मुलीचा हक्क दूरच्या भाऊबंदाच्या आधी येई. परंतु जमीन वतनाची असली की चार पिढ्यांपूर्वी वेगळा निघालेला चुलतभाऊही पुढे, आणि पोटची मुलगी मागे. मुसलमान घरात तर कुराणशरीफात मुलीचा वाटा स्पष्ट नेमून दिलेला आहे. पण वतनापुढे तोही थांबला. दोन निराळ्या धर्मशास्त्रांच्या लेकी एकाच सरकारी कायद्याने एकाच उंबऱ्याबाहेर बसल्या.

बंधनाचे गुण आणि दोष

न्यायाने बोलावयाचे तर या बंधनाचा काही उपयोगही झाला. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे झाले. त्याची सुरुवात सुपे गावी १२ मे रोजी झाली. कर्जापायी जमिनी सावकाराच्या हाती जात होत्या, हे त्यामागचे मोठे दुखणे. वतनी जमिनीवर सावकाराला असा सहज हात टाकता येत नव्हता. आज अनेक घराण्यांकडे जी थोडी शेती उरली आहे, ती या गाठीमुळे उरली, हे कबूल केले पाहिजे.

परंतु ज्या गाठीने जमीन धरून ठेवली तिनेच माणसालाही धरून ठेवले. जमीन तारण ठेवता येत नसल्यामुळे बैल घ्यावयास किंवा विहीर पाडावयास कर्ज मिळणे कठीण. तक्षिमा पडत पडत वाटे लहान झाले. दत्तकांचे वाद आणि भाऊबंदांचे दावे पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात चालले. महार वतनाची स्थिती तर सर्वांत कठीण. तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात सगळे घराणे रात्रंदिवस सरकारच्या व गावाच्या कामाला बांधलेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात याच १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक मांडले, ते या बांधिलकीतून आपल्या लोकांना सोडविण्यासाठी. पाटलाला जी जमीन मानाची वाटे तिच्याच जातीची जमीन दुसऱ्याला बेडी वाटे, हे आपण वतनदार घराण्यांनी विसरू नये.

गाठ केव्हा सुटली?

स्वातंत्र्यानंतर वतने क्रमाक्रमाने गेली. मुंबई राज्याने १९५० साली परगणा व कुळकर्णी वतने रद्द करण्याचा कायदा केला. तो १ मे १९५१ पासून लागू झाला. १९५८ साली कनिष्ठ गावकामगार वतनांविषयी, आणि पुढे महाराष्ट्रात १९६२ साली मुलकी पाटलांविषयी कायदा झाला. आपला बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेला होता. त्या राज्याचा ग्रामहुद्दे रद्द करण्याचा कायदा १९६१ चा. तो १ फेब्रुवारी १९६३ पासून अमलात आला. वतनी जमीन प्रथम सरकारजमा, आणि मग ठरलेली रक्कम भरल्यावर पूर्वीच्या वतनदाराला पुन्हा बहाल, अशी रीत ठेवली गेली. या कागदाला लोक 'रिग्रँट' म्हणतात.

येथे एक प्रश्न उभा राहिला. रिग्रँट एकाच्या नावे झाली, तर जमीन त्या एकट्याची की घरातील सर्वांची? धारवाड भागातील कुंदगोळच्या देसगतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली याचे उत्तर दिले. वतन गेल्यावर पुन्हा मिळालेली जमीन एकत्र कुटुंबाच्या हितासाठी असते आणि तिची वाटणी होऊ शकते, असा तो निर्णय आहे. थोरला म्हणून सगळे माझे, हे म्हणणे तेथे टिकले नाही.

हिंदू घरांपुरते पाहिले तर १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला वारसांत स्थान दिले. १९९४ साली कर्नाटकाने व महाराष्ट्राने, आणि २००५ साली संसदेने, वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने आणले. मुसलमानांसाठी १९३७ चा शरियत कायदा आहे; परंतु त्याने शेतजमीन आपल्या कक्षेबाहेर ठेवली, आणि रूढीचे नाव सांगून मुलीला डावलण्यास वाव राहिला. जी गोष्ट धर्माने दिली ती रूढीने अडवावी, आणि ती अडवणाऱ्यानेच धर्मनिष्ठ म्हणवून घ्यावे, ही विसंगती आपल्या समाजात आजही दिसते.

आमच्या घरची गोष्ट

माझे आजोबा १९७४ साली वारले. आजी त्यांच्या आधीच गेली होती. मागे दोन मुलगे, म्हणजे माझे चाचा व माझे अब्बा, आणि एक मुलगी, माझी फुफी. रिग्रँट होऊन आलेली जमीन दहा एकर. वारशाची नोंद झाली ती दोघा भावांच्या नावे. फुफीने एकदाच विचारले होते, असे अब्बा सांगत. तिला उत्तर मिळाले, "वतनाची जमीन आहे, लेकीला जात नाही. कायदाच आहे तसा." तिने पुन्हा विचारले नाही.

ती लवकर विधवा झाली. शिवणकाम करून तिने मुले वाढविली. सुगी झाली की ती माहेरी येई. तिला तांदळाचे एक पोते, थोडे जोंधळे आणि ईदेला लुगडे मिळे. आम्ही मुले समजत असू की आमचे घर किती उदार आहे! २०११ साली ती वारली.

२०१७ साली अब्बांनी जुन्या कागदांची पेटी माझ्यापुढे ठेवली. "तू शिकलेला आहेस, काय काय आहे ते वाचून सांग," म्हणाले. वाचता वाचता रिग्रँटचा हुकूम हाती आला. तारखा पाहिल्या आणि मी थांबलो. वतन १९६३ सालीच गेले होते. आजोबा त्यानंतर अकरा वर्षे हयात होते. फुफीला जो कायदा सांगितला गेला तो तिने विचारले त्या दिवशी मुळी अस्तित्वातच नव्हता.

मी म्हणालो, "अब्बा, हा कायदा तर आजोबांच्या हयातीतच संपला होता." अब्बा पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्हाला कोणी सांगितले नाही." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "आणि आम्ही कोणाला विचारलेही नाही."

मी कागदावर हिशेब मांडला. दोन मुलगे व एक मुलगी. मुलाचे दोन वाटे, मुलीचा एक. एकूण पाच वाटे. दहा एकरांचा एक वाटा दोन एकर. म्हणजे प्रत्येक भावाचे चार एकर आणि फुफीचे दोन. प्रत्येक भावाकडे पाच एकर होते. तेव्हा प्रत्येकाकडे बहिणीचा एक एकर जास्त होता. इतका हा सोपा हिशेब. चौथीच्या मुलाला जमेल असा. त्रेचाळीस वर्षे तो कोणी केला नाही.

अब्बांनी पुढच्या वर्षी आपल्याकडील एक एकर रीतसर नोंदणी करून फुफीच्या मुलांच्या नावे केला. चाचांच्या घरी अजून विचार चालू आहे. त्यांच्यावर रोष ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. अब्बांनी दिले तेही फुफी हयात असताना दिले नाही, याची त्यांना शेवटपर्यंत खंत होती. अब्बा गेल्यावर आमच्या वारशाच्या नोंदीत माझ्या बहिणीचे नाव पहिल्याच अर्जात लिहिले, एवढे मात्र आम्ही भावांनी केले.

वंशासाठी बांधणे आणि लोकांसाठी बांधणे

जमीन वंशाला बांधून ठेवण्याची इच्छा वतनदारांपुरतीच नव्हती. मुसलमानांत 'वक्फ-अलल-औलाद' ही पद्धत आहे. मालकाने मिळकत अशी बांधावी की ती विकली जाऊ नये, उत्पन्न मुलांनातवंडांना मिळावे आणि वंश संपल्यास ते धर्मादायाकडे जावे. १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने अशी एक व्यवस्था अमान्य केली. दान नावापुरते आणि लाभ घरच्यांनाच, असे तिचे म्हणणे पडले. त्यावर मोठी चळवळ होऊन १९१३ साली अशा वक्फांना मान्यता देणारा कायदा झाला. ईजिप्तने १९५२ साली कौटुंबिक वक्फ बंद केले. आपल्याकडे २०२५ च्या दुरुस्तीने असे कलम घातले की वक्फ-अलल-औलादमुळे स्त्री वारसांचा हक्क डावलला जाऊ नये. या दुरुस्तीतील इतर तरतुदींविषयी मतभेद आहेत. त्यांत येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु हा एक मुद्दा कोणत्याही बापाला पटावा असा आहे.

मिळकत बांधून ठेवण्यात गैर काही नाही. आपल्या न्यासाची मिळकतही बांधलेलीच आहे. ती विश्वस्तांच्या वारसांना जात नाही, म्हणून तर तिच्यातून कोणाच्याही मुलाची फी भरता येते. प्रश्न इतकाच असतो की गाठ बांधताना कोणाला आत घेतले आणि कोणाला बाहेर ठेवले.

वाचकांनी काय करावे?

उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. तरी शिक्षकाच्या सवयीने चार गोष्टी सुचवितो.

१. घरातील जुने उतारे, फेरफार आणि रिग्रँटचा हुकूम शोधून एकत्र ठेवावेत. "वतनाची आहे" हे ऐकीव वाक्य पुरेसे नाही; तारीख पाहावी.

२. वारसांची पूर्ण यादी करावी. तीत लग्न झालेल्या मुली लिहाव्यात. मयत मुलींची मुलेही लिहावीत.

३. उताऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क नाही, आणि नाव आहे म्हणून सगळे आपले, असे दोन्ही समजू नये. महसुलाची नोंद वसुलासाठी असते. केवळ तिने मालकी ठरत नाही. प्रकरण जुने असेल तर मुदतीचा प्रश्न येतो. जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

४. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यावयाची असेल तर ते तिला तिच्या भाषेत आधी वाचून दाखवावे आणि विचार करावयास वेळ द्यावा. ती आपण होऊन सोडत असेल तर तो तिचा मोठेपणा. मात्र राखीचा किंवा ईदेचा दिवस त्यासाठी निवडू नये.

त्या मुलीचे उत्तर मी आता दरवर्षी वर्गात सांगतो. वतनाची जमीन 'बाहेर' जात नसे. आणि बाहेरची म्हणून ज्यांना गणले त्यांत आपल्याच लेकी होत्या. तो कायदा आपल्या जिल्ह्यातून १९६३ सालीच गेला. घरातून तो घालविण्याचे काम सरकारचे नाही, आपले आहे. ज्या घरी अजून एखादी आत्या, फुफी हयात आहे, त्या घराने तरी आमच्यासारखा उशीर करू नये, एवढीच विनंती करून आणि न्यासाच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा देऊन हा पाठ पुरा करतो.